विसरवाडीचे नाव नोंदवहीत कधी येणार?

पहिल्या पानावर अग्रलेख लिहावा असे प्रसंग एरवी राजकारण पुरवते. आज तसे काहीही घडलेले नाही. कोठले मंत्रिमंडळ कोसळलेले नाही, की कोठे गोळीबार झालेला नाही. तरीही ही जागा आम्ही आज अशा एका विषयाला देत आहोत, की ज्याचे नाव वाचताच पुष्कळसे वाचक 'हा डॉक्टरांचा प्रांत' असे म्हणून पान उलटतील. विषय आहे अस्थिमज्जेच्या दात्यांचा. दाता आणि रुग्ण ह्यांच्या पेशी एकमेकींशी जुळतात की नाही, हे जनुकांची अक्षरे वाचून ठरविण्याची जी नवी रीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत रूढ झाली तिचा. आणि त्या रीतीचा लाभ नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीसारख्या गावाला कधी मिळणार की नाही, ह्याचा. आमच्या मते ह्यातला डॉक्टरांचा भाग बहुतांशी उरकला आहे. राहिला आहे तो सरकारचा आणि आपणा सर्वांचा.

विसरवाडी हे नवापूर तालुक्यातले गाव. धुळ्याकडून सुरतेकडे जाणारा महामार्ग कोंडाईबारीचा घाट उतरला की ते लागते. मालमोटारी रात्रंदिवस तेथून जातात, आणि त्यांतून जाणाऱ्या फारच थोड्यांना आपण कोणत्या गावातून गेलो हे ठाऊक असते. भोवतालची वस्ती मुख्यत्वे भिल्ल, मावची आणि कोकणी समाजांची. ह्या सबंध पट्ट्यात, आणि सातपुड्याच्या अंगाखांद्यावर, सिकलसेल नावाचा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या वास करून आहे. महाराष्ट्रातील आदिवासींमध्ये ह्या दोषाचा माग काढण्यात पुण्याचे डॉ. सुदाम काटे ह्यांनी उभी हयात घालविली; २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर अशा जमातींत शंभरातील वीस ते पस्तीस माणसांच्या रक्तात हा दोष ह्या ना त्या रूपाने असतो, असे त्यांच्या पाहण्यांतून दिसून आले. त्यांतील बहुतेक जण नुसते वाहक. त्यांना स्वतःला त्रास नाही. परंतु दोन वाहकांचा संसार मांडला गेला, की प्रत्येक अपत्यामागे चारांत एक एवढा धोका उभा राहतो.

ज्या मुलाला आई आणि बाप दोघांकडूनही हा दोष येतो त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडापासून पोटापर्यंत जी कळ उठते तिचे वर्णन करणे आम्हांस शक्य नाही. रक्त कमी, प्लीहा निकामी, साध्या तापाने जिवाला धोका. हायड्रॉक्सियुरिया नावाचे एक जुने आणि स्वस्त औषध पुष्कळांचे आयुष्य सुसह्य करते. रोग मुळापासून जाण्याचा आजवर सर्वाधिक अनुभवाने सिद्ध झालेला उपाय मात्र एकच: दुसऱ्या कोणाची निरोगी अस्थिमज्जा रुग्णाच्या शरीरात रुजविणे. हा उपायही योगायोगानेच सापडला. अमेरिकेत एका मुलीला रक्ताचा कर्करोग होता म्हणून मज्जा दिली गेली. तिला सिकलसेलही होता, आणि तोही त्याबरोबर गेला. ती हकीकत १९८४ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ च्या मार्चमध्ये, परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण करून दाखविले होते. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून ज्याने वैद्यक शिकले आणि शिकविले, त्या माणसाच्या हातून ते घडले ह्याचा ह्या शहराला अभिमान वाटला पाहिजे. त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. भावंडाची पूर्णपणे जुळणारी मज्जा मिळाली तर सिकलसेलची शंभरातील नव्वदाहून अधिक मुले वाचतात, असे जगभरच्या नोंदी सांगतात.

अडचण आहे ती ह्या 'जुळणारी' शब्दात.

आपण पत्रिकेतले छत्तीस गुण जुळविणारी माणसे. तेव्हा ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊ नये. प्रत्येक माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावर काही जनुके अशी असतात, की ती पेशींवर जणू घराची पाटी लावतात. 'एचएलए' हे त्यांचे नाव. पाटी ओळखीची असली तर शरीराचे पहारेकरी आत येऊ देतात. अनोळखी असली तर मारून काढतात. मज्जारोपणात संकट दुहेरी असते, कारण पहारेकरीच पाहुणे म्हणून येतात आणि पाटी जुळली नाही तर ते यजमानाच्या घरावरच तुटून पडतात. पाट्यांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. त्यामुळे सख्ख्या भावाबहिणीशी दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारांत एक. सिकलसेलच्या रुग्णाला आणखी एक अट आहे: ते भावंड स्वतः रोगी असता कामा नये. सिकलसेलचा दोष अकराव्या गुणसूत्रावर असल्याने दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. म्हणून चारांत एकाला चारांत तीनाने गुणावे लागते. उत्तर येते सोळांत तीन. म्हणजे शंभर भावंडे तपासली तर जेमतेम एकोणीस उपयोगाची. आता विसरवाडीच्या परिसरातील एखाद्या घरी सिकलसेलने आजारी असलेले आठ वर्षांचे मूल आणि त्याची दोन भावंडे आहेत अशी कल्पना करावी. त्या दोघांपैकी एकही उपयोगी पडणार नाही हाच संभव अधिक. मग त्या मुलासाठी दाता शोधायचा कोठे? अर्थात परक्यांत. आणि परक्यांत शोधायचे तर परक्यांची नोंदवही हवी.

ही पाटी वाचण्याची कला कशी वाढत गेली, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण आमचा मुद्दा त्यावरच उभा आहे. १९५८ साली पॅरिसमध्ये झां दोसे ह्यांनी अशी पाटी असते हे प्रथम ओळखले. त्याबद्दल १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तातील द्रव पेशींवर घालून कोणत्या पेशी मरतात ते पाहायचे, अशी रीत १९६४ नंतर सर्वत्र पसरली. तिने कळे ते फार ढोबळ. दारावर 'कुलकर्णी' एवढेच वाचता यावे, कोणत्या गावचे आणि कोणत्या आळीतले ते कळू नये, तसे. एकाच ढोबळ नावाखाली शेकडो निरनिराळे प्रकार असतात, हे नंतर जनुकेच तपासता येऊ लागली तेव्हा समजले. आज जगाच्या नोंदीत अशा प्रकारांची संख्या तीस हजारांच्या वर गेली आहे. जनुकवाचनाची जुनी रीतही अपुरीच होती. ती आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती एकदमच वाची. आम्ही एके काळी मास्तर होतो. दोन मुलांनी एकाच कागदावर एकावर एक निबंध लिहून दिले तर कोणते वाक्य कोणाचे, हे ठरविताना काय हाल होतील ते आम्ही सांगू शकतो. नव्या रीतीत हा घोटाळा बव्हंशी मिटला. ती जनुकाचे असंख्य तुकडे करते, प्रत्येक तुकडा स्वतंत्र वाचते, आणि मग एकाच प्रतीतले तुकडे सलग जोडते. अलीकडची काही यंत्रे तर सबंध जनुक एका दमात वाचून काढतात. शिवाय एका खेपेस शेकडो माणसांचे नमुने वाचता येत असल्याने दरमाणशी खर्च उतरला आहे.

परंतु ह्याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मधल्या काळात पाटी ओळखण्याचे जे तयार संच बाजारात आले, ते आधीच ठाऊक असलेले प्रकार ओळखण्यासाठी बनविलेले होते. आणि आधीच ठाऊक असलेले प्रकार हे मुख्यतः युरोप-अमेरिकेतील लोकांचे. एखाद्या भिल्लाच्या वा कोरकूच्या पेशींवर अगदी निराळी पाटी असली तर तो संच तिला जवळच्या एखाद्या ओळखीच्या नावात कोंबून मोकळा होई. शाळेच्या हजेरीपटावर आदिवासी मुलांची नावे मास्तराच्या सोयीने बदलली जात, त्यातलाच हा प्रकार. अक्षरन्‌अक्षर वाचणाऱ्या रीतीला मात्र आधी ठाऊक असण्याची गरज राहिली नाही. जे आहे ते ती वाचते, आणि नवे असेल तर नवे म्हणून नोंदविते. म्हणजे ज्यांना आजवर कोणी मोजलेच नव्हते अशा समाजांना ह्या शास्त्राचा लाभ बरोबरीने देता येईल, अशी स्थिती प्रथमच आली आहे. यंत्राची सबब आता उरली नाही.

नोंदवहीची स्थिती मात्र काय आहे? जगातील सर्व नोंदवह्या मिळून चार कोटींहून अधिक दात्यांची नावे आहेत. भारताची लोकसंख्या एकशे चाळीस कोटींच्या वर, आणि येथील दाते काही लाख. चेन्नईची 'दात्री' ही संस्था २००९ पासून, आणि बंगळूरची 'डीकेएमएस' तिच्यामागून, हे काम निष्ठेने करीत आहेत. त्यांना दोष देण्यास जागा नाही. पण स्वयंसेवी संस्थेची धाव महाविद्यालये, बँका आणि संगणकाच्या कचेऱ्या इथवर. कोंडाईबारीचा घाट ती सहसा उतरत नाही. ह्याचा परिणाम काय होतो, ते अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तेथील राष्ट्रीय नोंदवहीचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के, तर दक्षिण व मध्य अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीयाला अवघी १६ टक्के निघाली. देश एक, कायदा एक, यंत्रही एकच. काही वंशांत पाट्यांची विविधता मुळातच अधिक असते हे खरे. पण वहीत कोणाची नावे किती, ह्यानेही तेथे जगण्यामरण्याचा फरक पडला. आपल्याकडे तर जातीतच लग्न करण्याचा नेम शेकडो वर्षे कसोशीने पाळला गेला आहे. त्यामुळे पाट्यांचे संच ज्या त्या समाजात कोंडून राहिले. मावची मुलाला जुळणारा परका दाता मिळण्याची आशा धरायची तर ती मुख्यतः मावचींतच. आणि त्यांचे नाव वहीत नाही. दादर-पार्ल्याच्या वाचकाने ह्यात आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. त्याच्या घरातील मुलाला उद्या रक्ताचा कर्करोग झाला तर जर्मनीतील लाखो दात्यांची नावे त्याच्या फारशी कामी येणार नाहीत. त्याला लागेल तो सातारा-रत्नागिरीकडचा कोणी अनोळखी तरुण, ज्याने अद्याप नाव नोंदविलेले नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'आदिवासींचे रक्त तर सारखे तपासले जाते, त्यांची जनुकेही वाचली गेली आहेत,' असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. १९५२ साली लेमान आणि कटबुश ह्यांना निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल आढळला, तेव्हापासून संशोधकांची रीघ लागली आहे. (त्याच वर्षी डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी परळच्या केईएममध्ये तो विरळा 'बाँबे' रक्तगट शोधला, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) अगदी अलीकडे 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने ८३ समाजांतील दहा हजार माणसांची संपूर्ण जनुकमाला वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती अभ्यासकांना खुली केली. काम मोठे झाले ह्यात शंका नाही. पण नमुना देणारा निराळा आणि दाता निराळा. नमुन्यावरचे नाव पुसून टाकावे लागते. दात्याचे नाव सांभाळून ठेवावे लागते. नमुन्यातून विद्वानाला निबंध मिळतो; रुग्णाला मज्जा हवी असेल तर माणूसच शोधून काढला पाहिजे. आदिवासी पाड्यांवर आज जी कुरकुर ऐकू येते, की रक्त घेऊन जातात आणि उत्तर कोणी आणीत नाही, तिच्यात तथ्य आहे.

आता सरकारने करायचे काय? नवे खाते नको, नवी इमारत नको. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सात कोटी माणसे तपासण्याचा संकल्प होता. सहा कोटींहून अधिक तपासून झाली आहेत. बोटाला सुई टोचून थेंब घेतला जातो, माणसाला कार्ड दिले जाते, आणि लग्न ठरविताना दोघांनी आपापली कार्डे ताडून पाहावीत असा उपदेश केला जातो. एवढी मोठी यंत्रणा, एवढ्या आशाताई, एवढे तंबू! त्याच तंबूत अठरा वर्षांवरील निरोगी तरुणाला एकच अधिक प्रश्न विचारावा: परक्या मुलासाठी मज्जा देण्यास तुझी तयारी आहे काय? 'हो' म्हटले तर कापसाच्या काडीने गालाच्या आतून नमुना घ्यावा. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे; ह्या विषयातले तिचे ज्ञान फार जुने आहे. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ह्या दोघांच्या दरम्यान एक सार्वजनिक नोंदवही उभी करणे महाराष्ट्र सरकारला न पेलणारे नाही.

ह्यात दोन ठिकाणी फार जपावे लागेल. संमतीपत्र मराठीत छापले म्हणजे झाले असे नव्हे. नवापूर तालुक्यात कित्येक घरांची बोली मावची वा भिली आहे, आणि 'हाडातला गाभा देणार का' हे कागदावरून न विचारता तोंडाने, त्याच बोलीत, ओळखीच्या माणसाने विचारले पाहिजे. 'नाही' म्हणणाऱ्याचे कोणतेही सरकारी काम अडता कामा नये. दुसरे, ह्या भागातून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. चार वर्षांनी एखाद्या रुग्णाशी पाटी जुळली आणि दाता कोठल्या फडावर आहे हेच कोणाला ठाऊक नसले, तर ती नोंद कवडीमोलाची. शहरातसुद्धा ऐन वेळी दाते सापडत नाहीत किंवा मागे सरतात. तेव्हा नाव नोंदविण्यापेक्षा नाव राखणे अवघड, हे ओळखून त्या कामाला माणूस आणि मेहनताना दिला पाहिजे.

आक्षेप येतील ते आम्ही जाणून आहोत. जेथे साधी लोहाची गोळी वेळेवर पोचत नाही तेथे जनुकवाचनाच्या गोष्टी कशाला, असे विचारले जाईल. गोळी पोचलीच पाहिजे. हायड्रॉक्सियुरिया विसरवाडीच्या रुग्णाला गावातच मिळाले पाहिजे आणि जन्मतःच बाळाची तपासणी झाली पाहिजे. ह्यांच्या आधी मज्जारोपण येत नाही, आणि प्रत्येक रुग्णाला ते लागतही नाही. पण ज्या मुलाला मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका आहे त्याला 'आधी सर्वांना गोळ्या मिळू देत' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शहरातल्या मुलाला आपण असे सांगत नाही. दुसरे म्हणतील की आईबापांची अर्धी जुळणारी मज्जा वापरण्याच्या रीती आता निघाल्या आहेत. निघाल्या आहेत, आपल्या देशातही त्या वापरल्या जातात, आणि त्यांनी पुष्कळांना आशा दिली आहे. परंतु मज्जा न रुजण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका त्यांत अधिक, व तो निस्तरायला लागणारा पैसाही. तिसरे लोक परदेशाकडे बोट दाखवितील. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने व अमेरिकेने सिकलसेलवर जनुकदुरुस्तीच्या उपचाराला मान्यता दिली, त्यात दुसऱ्या दात्याची गरजच नाही. त्याची अमेरिकेतील किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर आहे. त्यावर आम्ही अधिक काही लिहीत नाही.

पैशाचाही विचार झाला पाहिजे. कोल इंडियाच्या साहाय्याने केंद्र सरकारने २०१७ पासून थॅलसेमियासारख्या रक्तविकारांच्या मुलांना मज्जारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत देण्यास सुरुवात केली, आणि तिने अनेक घरे सावरली. परंतु ती आखली गेली घरातच जुळणारा दाता असणाऱ्यांसाठी. वर मांडलेला सोळांत तीनचा हिशेब वाचकांनी येथे पुन्हा आठवावा. ज्याच्या घरी दाता नाही त्याला दाताही शोधायचा आणि पैसाही. हे दुहेरी ओझे विसरवाडीच्या शेतमजुराने उचलावे, ही अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची पाच लाखांची मर्यादा अशा रुग्णांपुरती तरी ओलांडलीच पाहिजे.

आणि शहरातील वाचकांनी? मज्जा देणे म्हणजे पाठीचा कणा पोखरून घेणे, ही समजूत सुशिक्षितांतही अजून आहे. ती निराधार आहे. बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, आणि मग रक्तदानासारखेच एका हातातून रक्त काढून, हव्या त्या पेशी गाळून, बाकीचे दुसऱ्या हातातून परत देतात. काही तास बसावे लागते. अंग दोन-चार दिवस दुखते. क्वचित प्रसंगी कमरेच्या हाडातून भूल देऊन मज्जा काढतात. काही आठवड्यांत ती भरून येते. नाव नोंदविण्यास वय अठरा ते पन्नासच्या आसपास लागते, आणि तरुण जितका अधिक तितका बरा. आम्ही ती मर्यादा ओलांडून बसलो आहोत, तेव्हा आमचा हा आग्रह तसा फुकटचा आहे, हे आम्हांला समजते. पण आमच्या वयाच्या वाचकांच्या घरी महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, आणि आईबापांच्या मनातील भीतीच त्यांच्या आड येते असा आमचा अनुभव आहे.

राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात ह्या नोंदवहीसाठी तरतूद व्हावी, आणि नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, ती मागून घ्यावी. तांत्रिक अडचण कोणी पुढे केलीच तर त्यांनी एवढेच सांगावे, की गालाच्या आतल्या पेशींची काडी बर्फात ठेवावी लागत नाही. ती साध्या लखोट्यात राहते. संध्याकाळी नंदुरबारला मुंबईच्या गाडीत ठेवलेला लखोटा सकाळी परळला पोचतो.